डास मारायचे की त्यांचं पाणी तोडायचं?

रातकिडा: डास वाढले की आपला हात आधी कॉइलकडे जातो. माझ्या मते हे उलटं आहे. परवा कुंडीखालची ताटली हलवली, तर बोटभर पाण्यात अळ्यांची वळवळ. माझी सावली पडताच सगळ्या तळाला पळाल्या. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. दर आठवड्याला ताटल्या, बादल्या, फ्रिजमागचा ट्रे ओतला तर कॉइल लागतेच कशाला?

गच्चीवाली: तुम्ही तुमची ताटली ओताल हो. शेजारच्या बंद घराच्या गच्चीवर पडलेल्या टायरचं काय? आणि मला झोप आज रात्री हवीय, आठ दिवसांनी नाही!

रातकिडा: एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणारी डासाची जात, सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जातच नाही. चावणारी बहुधा आपल्याच आवारातली असते. आणि कॉइलचं म्हणाल, तर 2003च्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत लावून झोपा खुशाल.

टाचणी: रातकिडा, तुमचं गणित एडिसपुरतं बरोबर, तेही अर्धंच. तिची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसतं ओतू नका, घासणीने खरवडा. शिवाय ती चावते दिवसा. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक वेळा क्युलेक्स, डासाची दुसरी जात. तो तुंबलेल्या गटारात, सेप्टिक टँकमध्ये वाढतो. ते कसं ओतणार? टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधलीत का?

रातकिडा: नाही बांधली. हे डोक्यातच आलं नव्हतं.

गच्चीवाली: बघा! म्हणून म्हणते, अंगाला काहीतरी लावावंच लागतं. कॉइल सोडते एक वेळ, डीट, म्हणजे डास दूर ठेवणारं अंगाला लावायचं रसायन, नाही सोडणार. 1946 पासून वापरात आहे. सोबत पंखा फुल. त्या झोतात डासाला धड उडता येत नाही आणि आपल्या श्वासाचा मागही पांगतो.

टाचणी: पंख्याला माझं पूर्ण मत. फक्त दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट लावू नका, पाळण्यावर मच्छरदाणी घाला. आणि ते अल्ट्रासोनिक यंत्र कोणी सुचवण्याआधीच सांगतो: डास त्याला भीक घालत नाही.

गच्चीवाली: शेजाऱ्यांकडून किल्ली मिळाली. टायरात अळ्याच अळ्या. रातकिडा, हा एक मुद्दा तुमचा. डीट मात्र उशाशीच राहील.