नागपंचमी, मारलेली धामण आणि मुलांचे प्रश्न : काय सांगावे?

ओसरी (प्रश्न)

आमच्या घरी सहा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. आम्ही पुण्याच्या कडेला, अलीकडेपर्यंत जिथे शेती होती अशा भागात राहतो. त्यामुळे पावसाळ्यात सोसायटीच्या आवारात साप निघणे ही नवलाची गोष्ट नाही. आषाढाच्या अखेरीस गाड्या लावण्याच्या जागेजवळ निघालेली एक धामण काही रहिवाशांनी काठ्यांनी मारली आणि ते मुलांच्या देखत घडले. आता नागपंचमी तोंडावर आली आहे, सासूबाईंनी पाटावर गंधाने नाग काढण्याची आणि दूध-लाह्यांच्या नैवेद्याची तयारी सुरू केली आहे, आणि मुलगा विचारतो आहे की ज्याची आपण पूजा करतो त्यालाच काकांनी का मारले. मुलीने कुठेतरी वाचले आहे की साप दूध पीत नाही. तिने ते आजीला जरा तोऱ्यातच ऐकवले आणि सासूबाई दुखावल्या.

सापाविषयी मुलांच्या मनात कणव उत्पन्न व्हावी, पण त्याच्यापासून असलेला धोकाही त्यांना कळावा, हे एकाच वेळी कसे साधावे? आणि ऐकलेली गोष्ट पारखून घेण्याची सवय त्यांना लावताना, मोठ्यांना खोटे पाडण्यातच ती धन्यता मानू लागणार नाहीत, याची काळजी कशी घ्यावी?

पाटीपेन्सिल

मी सांगली जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. शिराळा आमच्यापासून फार दूर नाही. तिथे जिवंत नाग पकडून त्यांची पूजा व मिरवणूक करण्याची जुनी परंपरा होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि त्यानंतर आलेले उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या मिरवणुका व स्पर्धा थांबल्या आणि प्रतिमेची पूजा होऊ लागली. त्यामुळे ‘पूजा करायची, पण पकडायचे नाही, असे का?’ हा प्रश्न आमच्या वर्गात दरवर्षी येतोच, आणि तो आला की मला बरे वाटते.

साप दूध पीत नाही, हे वाक्य मी मुलांना आयते सांगत नाही. ते तसे सांगितले तर एका ऐकीव गोष्टीच्या जागी दुसरी ऐकीव गोष्ट बसते, एवढेच होते. आपल्या मुलीचेही बहुधा तसेच झाले आहे, कारण तिने वाचलेले बरोबर असले तरी ते तिने पारखलेले नाही. मी विचारते, दूध कोण पिते? मुले सांगतात, वासरू, करडू, मांजराची पिल्ले, बाळ. ते कुठून मिळते? आईकडून. मग नागिणीला आचळे असतात का? इथे वर्गात हमखास हशा पिकतो. नागीण अंडी घालते आणि अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू पहिल्या दिवसापासून आपले आपण जगते, हे मी सांगते, आणि मग त्याला दूध पाजणार कोण, हे मुलांनाच शोधू देते.

एका वर्षी एका मुलाने मला अडवले. आमचे मांजर म्हातारे झाले आहे, तरी ते गाईचे दूध पिते, मग नाग का पिणार नाही, असे त्याने विचारले. हा आक्षेप खरा होता. आचळांच्या युक्तिवादाने फक्त शंका उत्पन्न होते, सिद्ध काहीच होत नाही. मी त्याला तसे सांगितले आणि मग दुसऱ्या बाजूने शोध घेतला. साप काय खातो? उंदीर, बेडूक, पाली. त्याचे दात चावण्यासाठी आहेत की भक्ष्य धरून ठेवण्यासाठी? गारुड्याच्या टोपलीतला साप दूध पितो तेव्हा त्याला किती दिवसांत पाणी मिळालेले नसते? तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव पितो. दूध मात्र त्याला पचत नाही, आणि बळजबरीने पाजले तर ते श्वासमार्गात जाऊन तो मरूही शकतो.

हे ऐकले की मुले गप्प होतात. दयेचा धडा वेगळा द्यावाच लागत नाही, कारण ‘त्याला तहान लागली होती’ हे मुलाला लगेच कळते. नागाला आपण काय द्यावे, या प्रश्नाऐवजी नागाला काय हवे आहे, हा प्रश्न एकदा मुलाच्या मनात आला की कणव आणि विचार हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. संविधानातील मूलभूत कर्तव्यांतही प्राणिमात्रांविषयीची दयाबुद्धी आणि विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन ही कलमे लागोपाठ येतात. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ती छापलेली असतात आणि आपण ती उलटून पुढे जातो.

सासूबाईंविषयी एक सुचवते. त्यांना नागपंचमीची कहाणी सांगायला सांगा. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागाची पिल्ले मरतात आणि नागीण सूड घ्यायला निघते, ही ती कहाणी. त्या दिवशी नांगरायचे नाही, खणायचे नाही, चिरायचे नाही, तवा ठेवायचा नाही, हे नियम मुलांना त्या कहाणीसह कळू द्या. दिंडे उकडून का करतात, हेही त्यात आपोआप येते. मग मुलीला विचारा की या गोष्टीत खरे घडू शकेल असे काय आहे आणि गोष्टीपुरते काय आहे. नांगराने पिल्ले मरणे शक्य आहे, नागिणीने घर शोधत जाऊन सूड घेणे शक्य नाही. असे निवडताना आजी खोटी ठरत नाही, उलट त्या चर्चेत तिचेच सांगणे मध्यभागी राहते.

रानवाट

मी वनविभागाकडे नोंद असलेला सर्पमित्र आहे. वरील उत्तर चांगले आहे, पण त्यात सुरक्षिततेची बाजू अपुरी राहिली आहे.

सापाविषयी कणव वाटू लागलेले मूल सापाच्या जवळ जाते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. त्यामुळे दयेच्या आधी अंतर शिकवा. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यात मोठी माणसेही गल्लत करतात. सहा वर्षांच्या मुलाला विषारी-बिनविषारी ओळखायला शिकवू नये. साप दिसला की थांबायचे, मागे सरकायचे आणि मोठ्यांना हाक मारायची, एवढेच त्याला पाठ असावे. मोठ्यांनी दुरून नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिचित सर्पमित्राला कळवावे. दंश झालाच तर चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्र घालणे यांत वेळ न घालवता रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला भाग हलू न देता थेट रुग्णालय गाठावे.

सापाचे खेळ करणाऱ्या, गळ्यात साप घालून छायाचित्रे काढून घेणाऱ्या स्वयंघोषित सर्पमित्रांना सोसायटीत प्रबोधनासाठी बोलावू नका. गारुड्याने केले तर क्रौर्य आणि आम्ही केले तर शिक्षण, असा भेद मुलांना पटणार नाही, आणि पटूही नये.

पारखून घेण्याविषयी थोडे सांगतो. साप बहिरा असतो, असे आमच्याच प्रबोधनाच्या भाषणांत वर्षानुवर्षे ठामपणे सांगितले गेले, आणि तेही पूर्ण खरे नाही. सापाला बाह्यकर्ण नसतो, पण जबड्याच्या हाडातून जमिनीची कंपने त्याच्या आंतरकर्णापर्यंत पोहोचतात आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीचे काही आवाजही त्याला जाणवतात. पुंगीपुढे तो डोलतो तो सुरांमुळे नव्हे. हलत्या पुंगीवर आणि गारुड्याच्या हातावर तो नजर रोखून असतो. मुलांपुढे अंधश्रद्धेची जशी चिकित्सा करता, तशी आमच्यासारख्यांच्या विधानांचीही करा.

मारलेल्या धामणीविषयी मुलाला खरे तेच सांगा. ती बिनविषारी होती, ती उंदीर खाते, माणसे घाबरली म्हणून त्यांनी मारले, आणि तसे मारणे कायद्यालाही मान्य नाही.

जुनेजाणते

माझे मत थोडे वेगळे आहे. सहाव्या वर्षी चिकित्सा शिकवण्याची इतकी घाई कशाला? आमच्या लहानपणी आई वारुळाला हळद-कुंकू वाहून आली की त्या बाजूला आम्ही दगडही मारत नसू. आम्हाला कोणी सर्पविज्ञान शिकवले नव्हते, तरी वारूळ सुरक्षित राहिले. श्रद्धेने जे आपोआप होत होते त्याचा आधी विचार व्हावा.

पाटीपेन्सिल

जुनेजाणते, आपले म्हणणे मी टाकून देत नाही. वारुळाला दगड न मारण्याचे श्रेय त्या परंपरेला आहेच. परंतु त्याच श्रद्धेच्या जोरावर टोपलीतल्या नागालाही दूध पाजले जात होते आणि धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते या समजुतीने ती दिसेल तिथे मारली जात होती. मांडुळाला दोन तोंडे असतात आणि त्यापासून धनलाभ होतो या समजुतीपायी आजही त्या निरुपद्रवी सापाची तस्करी होते. श्रद्धा कोणत्या सापाला तारेल आणि कोणत्या सापाला मारेल, याचा भरवसा देता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

घाईच्या बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. सहा वर्षांच्या मुलाला ‘तुला काय वाटते?’ आणि ‘तुला कसे कळले?’ हे दोनच प्रश्न पुरतात. पुरावा, कारण, अपवाद ही नऊ वर्षांच्या बहिणीची शिदोरी आहे.

ओसरी

सर्वांचे आभार. कहाणीची सूचना सासूबाईंना आवडली, मात्र नैवेद्याचे दूध बंद करायला त्या तयार नाहीत, आणि ते पाटावरच्या चित्रापुढे ठेवलेले असल्यामुळे माझीही हरकत नाही. मुलाने त्यावर विचारले आहे की चित्रातल्या नागाला चालते, तर मग उंदीर का नाही ठेवायचा. याचे उत्तर आजीनेच द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. मारलेल्या धामणीचा विषय मी सोसायटीच्या पुढील बैठकीत मांडणार आहे आणि १९२६ हा क्रमांक जिन्याजवळच्या फलकावर लावण्याचे काम मुलीकडे दिले आहे.

रानवाट

फलकावर क्रमांकाखाली ‘सापाजवळ जाऊ नये, मारू नये, नजर ठेवावी’ असेही लिहून घ्या, आणि ते सुरक्षारक्षकांनाही वाचून दाखवा. रात्री साप निघाला की पहिली काठी बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.