मदत हवी आहे : पोहण्याच्या तलावातील दिव्याचा गंजलेला स्क्रू निघत नाही

खानापूरकर
आमच्या फार्महाऊसवरच्या तलावातील दिवा बंद पडला असून त्याच्या कड्याचा वरचा स्क्रू काही केल्या हलत नाही. जोर लावता लावता डोक्यातली फुली झिजून वाटोळी झाली आहे, त्यामुळे स्टार स्क्रूड्रायव्हर नुसता फिरतो. शनिवारी पाहुणे येणार आहेत, तेव्हा कृपया लवकर उपाय सांगावा.

निपाणीचा वायरमन
पाणी उतरवले आहे का? दिवा १२ व्होल्टचा आहे की थेट २३० चा? वीज कुठून बंद केली आहे?

खानापूरकर
पाणी दिव्याच्या वर वीतभर आहे. बटण बंद केले आहे. १२ व्होल्टच्या दिव्याला लागतो तो ट्रान्सफॉर्मर कुठे दिसला नाही. मी स्क्रूबद्दल विचारले होते.

निपाणीचा वायरमन
साहेब, मग आधी पाण्यातून हात बाहेर काढा. बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, जोडलेले असेल, तर ते बंद करूनही फेज (वीज आणणारी जिवंत तार) दिव्यापर्यंत येतच राहतो. बोर्डावरचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा आणि दोन्ही तारा सोडवून घ्या, मगच स्क्रूकडे वळा.

चिकोडीचा मळा
तलाव पूर्ण रिकामा करून घ्या, म्हणजे निवांत काम करता येते. आम्ही उन्हाळ्यात तसेच केले.

उद्यमबाग
या दिवसांत रिकामा मुळीच करू नका. खानापूर भागात पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते आणि रिकाम्या तलावाचा तळ खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो. पाणी दिव्याच्या खाली वीतभर गेले की पुरे. स्क्रूवर गंज सोडवणारे तेल थोडेच लावून रात्रभर मुरू द्या, आणि सकाळी हातोडीच्या ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

चिकोडीचा मळा
ठोक्याने काच तडकेल. आमची तडकली होती.

टिळकवाडी
पाण्याचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवला, तर स्क्रू इतके गंजतच नाहीत.

उद्यमबाग
काचेचे म्हणणे मला मान्य आहे. मग चार्जिंगच्या ड्रिलला उलट्या फिरकीचा बिट लावा, कारण तो भोक पाडता पाडताच पुष्कळदा स्क्रू सोडवतो. नाही सुटला तरी डोके उडते आणि कडे मोकळे होते. नवा स्क्रू ३१६ ग्रेडच्या (सहज न गंजणाऱ्या) स्टीलचाच घ्या.

खानापूरकर
तारा सोडवून तसेच केले. डोके उडाले आणि उरलेले दांडके ग्रिप प्लायरने अर्ध्या फेरीत सुटले. दिव्यात बोटभर पाणी साचले होते आणि तारेचे टोक हिरवे पडले होते. दिवा तूर्त जोडत नाही, शनिवारी तलाव उजेड असेपर्यंतच वापरू.