करार म्हणजे भाडेकरार नव्हे! (रविवारच्या त्या पोस्टला उत्तर)

दस्तलेखक_नगर

रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. इथेही कुणीतरी डकवलीच आहे. मथितार्थ असा: "करार दोन्ही बाजूंना बांधतो. तू प्रार्थना, उपास आणि दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) ही तुझी बाजू पाळ, मग आशीर्वाद देणं देवाला बंधनकारक आहे. त्याने सही केली आहे. म्हणून आशीर्वाद मागू नका, वसूल करा." खाली 47 आमेन.

वसूल करा? देव काय थकबाकीदार कूळ आहे?

मी 31 वर्षं निबंधक कचेरीबाहेर टेबल टाकून बसतो. साठेखत, खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. करार या शब्दावर माझं घर चाललंय, म्हणून गप्प बसवत नाही.

बायबलमधल्या उत्पत्तीचा 15 वा अध्याय काढा. देवाच्या सांगण्यावरून अब्रामाने (पुढचा अब्राहाम) तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून समोरासमोर मांडले. त्या काळी करार "कापत" असत. तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो. यिर्मया 34 मध्ये असंच वासराच्या तुकड्यांमधून गेलेले लोक आहेत. त्यांनी गुलामांना सोडायचा करार केला, सोडलं आणि पुन्हा धरून आणलं. त्यांना काय ऐकावं लागलं ते वाचा.

आता अब्रामाचं बघा. सूर्य मावळतो, त्याला गाढ झोप लागते, आणि त्या तुकड्यांमधून जातात धुराची भट्टी आणि जळती मशाल. अब्राम जातच नाही! झोपलेल्या माणसाची सही कोण घेतं? माझ्या टेबलावर असं झालं तर मी आत जाईन. तिथे बांधून घेतलंय एकट्या देवाने, स्वतःला, आणि मोडल्याचा शापही स्वतःवरच घेतलाय.

1872 च्या करार कायद्याचं कलम 25 सांगतं, मोबदल्याशिवाय करार रद्दबातल. पण त्यालाच अपवाद आहे: जवळच्या नात्यात, माया-प्रेमापोटी, लेखी आणि नोंदवून दिलेला असेल तर चालतो. पोस्टवाल्या भावाने कलमाची पहिली ओळ वाचून पुस्तक मिटलेलं दिसतंय.

पाळकाचा_मुलगा

काका, तुम्हीही एकच अध्याय वाचून पुस्तक मिटलंत.

निर्गम 19 मध्ये, सीनाय डोंगरापाशी, देव स्वतः इस्राएल लोकांना म्हणतो, माझा करार पाळाल तर. या "तर"चं काय करायचं? निर्गम 24 मध्ये लोक एका आवाजात हो म्हणतात, मोशे अर्धं रक्त वेदीवर टाकतो, अर्धं लोकांवर शिंपडतो. तिथे कुणी झोपलेलं नव्हतं. अनुवाद 28 घ्या: 14 वचनं आशीर्वादाची, पुढची 54 शापांची. दंडाचं कलम मुख्य कलमापेक्षा मोठं, अगदी तुमच्या दस्तांसारखं.

ती पोस्ट माझ्या बाबांची नाही, आधीच सांगतो. पण "सगळं फुकट आहे, तुम्ही काही करू नका" असं शिकवून मंडळ्या ओस पडल्यात, हेही खरंय. नाताळला पाचशे, इतर रविवारी चाळीस.

कोरा_कागद

बाहेरच्या माणसाने बोलू नये, पण पोस्टमधलं आहे त्याला आमच्याकडे नवस म्हणतात. माझ्या आजीने मला गोवर निघाला तेव्हा बोलला होता, पाच नारळांचं तोरण. मी बरा झालो, तोरण राहिलं. ती जाईपर्यंत घरात काही बिघडलं की कारण तेच. तुमच्याकडे हा प्रकार नाही असं मला शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. बरं वाटलं, आहे म्हणून.

तळटीपवाले_मास्तर

दोघांनीही अर्धं सांगितलं.

बायबलचे अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी 1954 साली दाखवलं की सीनायच्या कराराची घडण हित्ती (प्राचीन तुर्कस्तानातल्या) सम्राटांच्या तहनाम्यांसारखी आहे. आधी सम्राट कोण ते, मग त्याने मांडलिकावर केलेले उपकार, मग अटी, साक्षीदार, शेवटी आशीर्वाद नि शाप. "मी तुला मिसर देशातून बाहेर आणलं" हे आज्ञांच्या आधी का येतं, ते इथे कळतं. मेरेडिथ क्लाइन यांनी तर असं मांडलं की दहा आज्ञांच्या दोन पाट्या म्हणजे पाच-पाच आज्ञा नव्हेत, एकाच तहाच्या दोन प्रती, दोन पक्षांच्या.

तेव्हा मुलाचं बरोबर आहे, अटी आहेत. पण हे तह बरोबरीच्यांचे नाहीत. मांडलिकाने अटी पाळल्या म्हणून तो सम्राटाकडे वसुलीला जात नसे. पोस्ट दोन्हीकडून पडते.

शिवाय जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी बरीथ, म्हणजे करार या हिब्रू शब्दासाठी, दोन पक्षांच्या कराराचा "सिंथेके" हा शब्द टाळून "दियाथेके" घेतला. व्यवहारात त्याचा अर्थ मृत्युपत्र. इब्री लोकांस पत्र, अध्याय 9, त्याच अर्थावर उभा आहे: करणारा मेल्याशिवाय ते लागू होत नाही. मराठीने मात्र सगळ्याला सरसकट "करार" म्हटलं आणि घोळ झाला. हिंदीत ग्रंथाला "नियम" नि आत "वाचा" असं तरी आहे.

हप्तेवाला

मास्तर, हित्ती राहू द्या. दशांश पूर्ण पगारावर की हातात येतो त्यावर? आमच्याकडे सांगतात पूर्ण पगारावर, कारण "पीएफ पण देवच देतो".

विनोद करत नाहीये. माझ्या मोठ्या भावाने दोन वर्षं घराचे हप्ते चुकवून दशांश भरला. का, तर मलाखी 3 मध्ये देव म्हणतो माझी प्रतीती घ्या, आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही बघा. खिडक्या राहिल्या बाजूला, बँकेची नोटीस दाराला लागली. विचारायला गेला तर उत्तर काय? "तुझ्या बाजूने काहीतरी राहिलं असेल." त्या "काहीतरी"ने तो सहा महिने झोपला नाही. बसून पापांची यादी करायचा, वहीत.

पाळकाचा_मुलगा

वाईट झालं. पण सगळ्या पाळकांना एका माळेत ओवू नका. माझे बाबा महिना नऊ हजारांवर तीन खेड्यांतल्या मंडळ्या सांभाळतात, स्वतःच्या मोटरसायकलवर, पेट्रोल पदरचं. त्या नऊ हजारांतून पहिले नऊशे पाकिटात जातात. आईने कुरकुर केलेली मी पाहिलेली नाही.

हप्तेवाला

मग आईला एकदा विचारून बघ.

पाळकाचा_मुलगा

आईवर जायचं काम नाही. तुमच्या भावाला हिशेब जमला नाही याचं खापर देवाच्या वचनावर फोडू नका.

हप्तेवाला

बघा! हेच. हेच वाक्य त्याला तिथे ऐकवलं होतं. "तुला जमलं नाही." देव चुकत नाही, पाळक चुकत नाही, राहिला कोण?

तळटीपवाले_मास्तर

दशांशावर भांडणाऱ्यांनी अनुवाद 14 वाचलाय का? दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा. तो कुटुंबासह देवासमोर *खायचा*. ठिकाण लांब असेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे जे मन करेल ते घ्यायचं: गुरं, मेंढरं, द्राक्षारस, मद्य. 26 वं वचन. दर तिसऱ्या वर्षीचा गावातच ठेवायचा, लेवी (मंदिरसेवक), उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. पीएफचा उल्लेख मला सापडला नाही.

हप्तेवाला

मद्य?? हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही? 😂

वसईची_माय

आमच्या चर्चमध्ये दशांशाची सक्ती नाही, त्यामुळे तुमचं भांडण बघायला मजा येतेय. पण करार म्हटला की मला लग्न आठवतं. मलाखीच पत्नीला "कराराची पत्नी" म्हणतो, तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

आमच्या कॅथलिक चर्चच्या कायद्यात, 1917 च्या कॅनन लॉमध्ये, लग्नाला सरळ व्यवहारातल्या करारासाठीचाच लॅटिन शब्द होता. 1983 च्या संहितेत आधी "फेदुस" आला, देवाने माणसाशी जोडलेल्या नात्यासाठी वापरतात तो. दुसऱ्या परिच्छेदात जुना शब्द तसाच आहे म्हणा, वकील कुठेही सुटत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी अंथरुणाला खिळला. बाराव्या वर्षी गेला. लोक तिला म्हणायचे, तुला यातून काय मिळतं? काही मिळत नव्हतं. व्यवहार असता तर ती पाचव्या वर्षी मोकळी झाली असती. आणि ती काही संत नाही हं, रोज चिडायची, भांडी आपटायची. पण राहिली. बेइमान बायकोला पुन्हा जवळ करणाऱ्या होशेयाचं पुस्तक मला तिच्यामुळे कळलं, प्रवचनाने नाही.

अठरा_पूर्ण

दस्तलेखक काका, तुम्ही कायदा आणलाच आहे तर उत्तर द्या. अज्ञान (अठरा पूर्ण नसलेल्या) व्यक्तीचा करार मुळातच रद्द. मोहोरी बीबी खटला, 1903. मग तान्ह्या बाळांना कराराचं चिन्ह म्हणून बाप्तिस्मा कसा देता? बाळ सज्ञान आहे का? मी तिसाव्या वर्षी नदीत पुन्हा बाप्तिस्मा घेतला तर आमच्या जुन्या मंडळीने नाव कापलं. आजीच्या अंत्यविधीला मला मागच्या बाकावर बसवलं होतं.

शनवारतेली_अश्दोद

शालोम सगळ्यांना. चाळीस वर्षं इस्राएलमध्ये आहे, पण मूळ अलिबागकडचा ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांपैकी, भांडण मराठीतच कळतं.

पहिली गोष्ट, हे "जुना करार, जुना करार" ऐकून कान किटलेत. तुमचा जुना. आमचा तोच आहे, चालू आहे, वापरात आहे.

दुसरी, आमच्याकडे मुलगा आठ दिवसांचा झाला की ब्रीत. ब्रीत म्हणजेच करार. आठ दिवसांचा पक्षकार! सज्ञान व्हायची वाट अब्राहामानेही पाहिली नाही.

आणि त्या "लोक एका आवाजात हो म्हणाले"बद्दल. तालमूदमध्ये (आमच्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ), शब्बात 88 वर, अशी कथा आहे की देवाने सीनाय डोंगर उचलून त्यांच्या डोक्यावर पिंपासारखा धरला. तोरा (मोशेचं नियमशास्त्र) घेता तर बरं, नाहीतर इथेच तुमची थडगी. त्यावर एक रब्बी तिथल्या तिथे म्हणतो, मग हा तर तोरा न पाळणाऱ्याला मोठाच बचाव मिळाला! जबरदस्तीची सही! मग रावा नावाचा दुसरा रब्बी उत्तर देतो की एस्तेरच्या काळात लोकांनी ती राजीखुशीने पुन्हा स्वीकारली. दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वी आमचे लोक देवाच्या दस्तावर हरकत घेत होते. तुम्ही 47 आमेन काय टाकता?

अठरा_पूर्ण

आजोबा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण नवा करार यिर्मया 31 प्रमाणे हृदयावर लिहिलेला आहे. हृदयावर लिहायला आधी समज हवी.

शनवारतेली_अश्दोद

यिर्मया आमचाच माणूस. 31 वा अध्याय कुणाशी करार म्हणतो ते वाच: इस्राएलचं घराणं आणि यहूदाचं घराणं. अलिबागचा तेली चालेल.

दस्तलेखक_नगर

दिवसभर नोंदणी होती, आता बसलो.

आधी आजोबांना. तुमच्या रावाला आमच्या कचेरीत नोकरी मिळाली असती. दडपणाखालचा करार आपोआप रद्द होत नाही, दडपला गेलेला माणूस तो रद्द करून घेऊ शकतो. पण नंतर मोकळेपणी मान्य केला की पक्का. "जुना" शब्दाचं मान्य. सवय आहे, सुटेल असं वचन देत नाही.

अठरा_पूर्ण, अज्ञानाचा करार रद्द, बरोबर. पण अज्ञानाच्या नावे *बक्षीसपत्र* होतं. मी शेकडो लिहिलीत, नातवाच्या नावे दोन गुंठे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 127: बोजा असलेलं बक्षीस अज्ञानाला दिलं तर तो बोज्याला बांधील नाही. मात्र सज्ञान झाल्यावर, बोजा माहीत असूनही त्याने ती मालमत्ता ठेवून घेतली, तर बांधील. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणं), यापेक्षा जवळचं मला काही सापडलेलं नाही. मागच्या बाकाचं मात्र चुकलंच त्यांचं. त्याला कुठलं कलम नाही.

पाळकाचा_मुलगा

थांबा थांबा. म्हणजे बोजा आहे! तुम्हीच लिहिलंत. मग दिवसभर मी काय वेगळं म्हणत होतो?

दस्तलेखक_नगर

आहे रे बाबा, बोजा आहे. तेवढं तुझं खरं. पण बोजा म्हणजे किंमत नव्हे. आजोबाने जमीन दिली आणि सांगितलं विहिरीचं पाणी शेजाऱ्याला दे, तर पाणी देणं बंधनकारक. म्हणून पाण्याची पावती दाखवून आजोबाकडे आणखी दोन गुंठे वसूल करता येत नाहीत.

आणि मास्तर, मराठीला नावं ठेवण्याआधी एक बघा. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, पहिल्या अध्यायात, पवित्र आत्म्याला आपल्या भाषांतराने काय म्हटलंय? विसार. माझ्या टेबलावरचा शब्द! विसार देतो घेणारा, आणि तो बांधला जातो. इथे विसार दिलाय देवाने. तुमच्या पोस्टवाल्याने विसारपावती उलट्या नावाने फाडलीय.

तळटीपवाले_मास्तर

विसार चांगला आहे, नाइलाजाने मान्य. पण त्याच भाषांतरात मार्क 10:45 मध्ये "खंडणी" आहे. आजचं पोर ते वाचून पोलिसांत जाईल.

वसईची_माय

हप्तेवाले भाऊ, तुमचा भाऊ आता कसा आहे?

हप्तेवाला

घर वाचलं. बायकोचे दागिने गेले. रविवारी घरीच असतो. वही अजून कपाटात आहे, टाकू देत नाही.

पाळकाचा_मुलगा

मघाशी हिशेबाचं बोललो ते बोलायला नको होतं.

उत्पत्ती 15 मधल्या झोपेचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. बाबांना विचारतो. ते म्हणतील 17 वा अध्याय वाच, तिथे सुंतेची अट आहे, आणि मग मी पुन्हा येईन.

शनवारतेली_अश्दोद

ये. आठ दिवसांत ये.

हप्तेवाला

आणि पूर्ण पगारावर की हातातल्या, तेही विचार.