पहिली अकूस्टिक गिटार : कानाला कशी वाटली, बोटांना कशी लागली?

मंडळी, माझ्या घरात दोन गिटारी आहेत. एक २०१२ साली ऑनलाइन मागवलेली, ३८ इंची, काळी चकचकीत, ३,२०० रुपयांची. ती घेऊन मी तीन महिने रोज तासभर बसत होतो. सी, जी, डी या कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) कशाबशा जमल्या. एफ आलीच नाही. शिकवणारे सर म्हणायचे, बोटं तयार होतील. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, तरी पहिली तार 'टक्' एवढंच बोलायची. गिटार कपाटावर गेली आणि नऊ वर्षं तिथेच राहिली.

२०२१ मध्ये भाचीने यामाहा एफ ३१० घेतली. ती जेवायला बसली तेव्हा सहज उचलली. तेच हात, मधल्या काळात रियाज शून्य, आणि आठवड्याभरात माझी एफ वाजली. मग पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या, नेकवरच्या, धातूच्या आडव्या काड्या) तारेखालची जागा मोजली. माझ्या गिटारीत ५ मिमी. भाचीच्या गिटारीत जाड तारेखाली अडीचच्या आसपास, बारीक तारेखाली दोन. या अंतराला ॲक्शन म्हणतात हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं मी समजत होतो की आपल्या हातात संगीतच नाही.

म्हणून हा धागा. तुमची पहिली, खिशाला परवडलेली अकूस्टिक गिटार कोणती होती? आवाज कसा होता, दाबायला कशी होती, आणि टिकली का? चांगलं असेल तर नावासकट लिहा. वाईट अनुभव बिननावाचा लिहा, म्हणजे भांडण न होता माहिती मिळेल.

डोंबिवलीहून

२०१९ च्या दिवाळीआधी मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात गेले होते. दुकान १८६५ पासूनचं, त्यामुळे आत शिरताना जरा दडपणच होतं. माझं बजेट दहा हजार. तिथल्या मुलाने यामाहा एफ ३१० आणि कोर्ट एडी ८१० शेजारी शेजारी ठेवल्या. मला तीनच कॉर्ड यायच्या, म्हणून त्यालाच वाजवायला सांगितलं आणि मी समोर चार पावलांवर उभी राहिले. गिटारीचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो पुरता ऐकू येत नाही. नवीन घेणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं.

यामाहाचा आवाज स्वच्छ, वरच्या तारा खणखणीत, सहाही तारा सारख्या वजनाच्या. कोर्टचा खर्ज भरदार, एक स्ट्रम मारला (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवला) की घुमत राहतो. एकेक तार छेडल्यावर मात्र मला यामाहा जास्त सुटी वाटली. मग दोन्ही मांडीवर घेतल्या. एफ ३१० ची तार नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (खालच्या घोडीवरची, म्हणजे ब्रिजवरची पट्टी) ६३४ मिमी, कोर्टची ६४३ च्या घरात. नऊ मिमीने काय होतंय, असं वाटेल. पण त्याच सुराला यायला लांब तार जास्त ताणावी लागते आणि फ्रेटही थोडे दूरदूर जातात. माझा पंजा लहान. जी कॉर्डला करंगळी पोचते की नाही, यावर माझा निर्णय झाला. यामाहा घेतली. पुढच्या वर्षी भावाने तीच कोर्ट घेतली, त्याचा पंजा मोठा. आमच्यात आजवर कुणी दुसऱ्याची मागितलेली नाही.

नाशिकहून

माझी अडचण वेगळी होती. आमच्याकडे वडील पेटी वाजवतात. ट्यूनरवर (सूर तपासायच्या यंत्रावर) सहाही तारा हिरव्या दिसायच्या, मोकळ्या तारा पेटीशी मिळायच्या, आणि सी कॉर्ड धरली की बाबा आतल्या खोलीतून ओरडायचे, "चढतेय!" मला वाटायचं, माझंच बोट चुकतंय.

एकदा त्यांनी एकेक स्वर पेटीवर दाबून माझ्याकडून तोच स्वर काढून घेतला. पेटी आणि गिटार दोन्हींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे जुळायलाच हवं. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर प्रत्येक स्वर चढा निघाला, सातव्याच्या पुढे जवळपास बरोबर. दोष नटचा होता. खाचा उथळ असल्या की पहिल्या फ्रेटपाशी तार उंच राहते. दाबताना ती खाली खेचली जाते, ताणली जाते आणि स्वर चढतो. बोटही त्याच जागी सगळ्यात जास्त दुखतं.

घरच्या घरी दोन चाचण्या करता येतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. केसाएवढी फट दिसली पाहिजे. कागदाच्या चार घड्या जात असतील तर नट उंच आहे. दुसरी त्याहून सोपी : पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. गिटार एकदम मऊ आणि सुरेल झाली तर तिची बाकी प्रकृती ठीक आहे, नटच घासायला हवा. मी ४०० रुपयांत घासून घेतला. बाबा आता आतल्या खोलीतून काही बोलत नाहीत, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे पावती.

मिरजेहून

नाशिककरांचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या गावात गिटार दुरुस्त करणारा सापडेना, पण तंबोरे आणि सतारी करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. माझी पाच हजारांची गिटार (नाव नको) घेऊन मी भीत भीत एका चाचांकडे गेलो. बाराव्या फ्रेटवर ॲक्शन ४ मिमी.

चाचांनी ती उलटी धरली, नेकवरून एक डोळा मिटून बघितलं, मग मला विचारलं, "जवारी पाहिजे का नको?" मी गोंधळलो. त्यांनी समजावलं ते मी कधी विसरणार नाही. "तंबोऱ्यात घोडी रुंद असती. तार तिच्यावर लोळली पाहिजे, म्हणजे आवाज फुलतो, झंकार धरतो. तीच जवारी. तुमच्या वाद्यात तार धारेवरनं उडाली पाहिजे. जिथं लोळंल तिथं झणझणंल." माझ्या गिटारीत प्लास्टिकचं सॅडल वरून सपाट होतं. म्हणून ती उंच असूनही पाचवी तार झणझणायची. उंच तार झणझणत नाही, हा माझा समज तिथे गेला.

हिशोब असा : बाराव्या फ्रेटवर १ मिमी उतरवायचा तर सॅडल २ मिमी कमी करावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर. चाचांनी आधी नेकचा बाक बघायला सांगितलं. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) पाव फेरा दिला, एक दिवस तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी हाडाची पट्टी घासून नवं सॅडल केलं, तळ काचेवर घासून सपाट, माथ्याला निमुळती गोलाई. दर दोन-चार घासण्यांनंतर तार चढवून ऐकायचे. कानाने काम चाललं होतं, मोजपट्टी फक्त माझ्या हातात होती. शेवटी २.६ मिमी आली.

आणि आवाज! पूर्वी स्वर 'टण' करून मरायचा. आता त्याला आस आली, म्हणजे तो रेंगाळू लागला. ई तार छेडली तर मी सहा-सात आकडे मोजेपर्यंत ऐकू येते. गिटार तीच, लाकूड तेच, थर चिकटवलेलं. चाचांनी पैसे घेताना म्हटलं, वाद्य बरं आहे, बनवणाऱ्यानं शेवटचा तास दिला नाही. स्वस्त गिटारींबद्दल इतकं नेमकं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

अकोल्याहून

थोडक्यात. मुलगी ९ वर्षांची. दुकानदाराने पूर्ण आकाराची स्टीलच्या तारांची दिली, 'वाढत्या अंगाची' म्हणून. खांदा कानापर्यंत जायचा तिचा. दोन महिन्यांनी बदलून ३६ इंची नायलॉनची घेतली. नायलॉन तारेचा ताण कमी, बोट चिरत नाही. आवाज मऊ, थोडा आतल्या आत, स्ट्रमिंगला धार नाही. पण ती स्वतःहून उचलते. मोठ्यांनी नायलॉनची घेताना नेक बघावी. यामाहा सी ४० चा नट ५२ मिमी, एफ ३१० चा ४३. मला स्वतःला सी ४० वर अंगठा कुठे ठेवावा कळत नाही, पण एकेका तारेवर वाजवणाऱ्याला ती ऐसपैस जागा आवडते.

देवरुखहून

कोकणातल्या लोकांनी पावसाळ्याचा विचार करून गिटार घ्यावी. जुलैत आमच्या भिंतींना ओल येते, गिटारीलाही येते. लाकूड फुगतं, वरची फळी ब्रिजपाशी किंचित वर उचलते आणि मे महिन्यात छान असलेली ॲक्शन श्रावणात उंच होते. माझ्या मामेभावाची सॉलिड टॉपची (वरची फळी एकसंध लाकडाची असलेली) गिटार आवाजाला माझ्यापेक्षा कितीतरी सरस, पण चार महिने तिची मनधरणी चालते. माझी लॅमिनेटची फारशी हलत नाही. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने लाकूड मोकळेपणी फुगत नाही, आणि त्याच कारणाने ते मोकळेपणी कंपही पावत नाही. हा सौदा मी समजून केला.

तारा मात्र दीड महिन्यात गंजतात. वाजवून झालं की जुन्या धोतराच्या फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकते, चुलीजवळ तव्यावर कोरड्या करून पुन्हा वापरते. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

ठाण्याहून

सगळे बोटांबद्दलच लिहिताय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझी पहिली गिटार दाबायला अगदी लोण्यासारखी होती. पातळ बॉडी, कटअवे (मानेपाशी कापलेला खांदा), आत पिकअपही (आवाज ॲम्पकडे नेणारं यंत्र). ॲम्पशिवाय आवाज असा की पंखा चालू असला तर मलाच ऐकू यायचं नाही. सहा महिने वाजवली आणि कंटाळलो. मग मित्राची यामाहा एफजी ८०० महिनाभर माझ्याकडे राहिली. स्प्रूस लाकडाची सॉलिड फळी, मोठी ड्रेडनॉट बॉडी. माझ्यापेक्षा थोडी कडक होती, तरी मी रात्री दीडपर्यंत एकाच डी कॉर्डवर बसायचो, कारण ती ऐकतच राहावीशी वाटायची. बोटं दुखली तरी आवाज माणसाला बसवून ठेवतो. शेवटी मीही तीच घेतली. एफ ३१० पेक्षा जास्त पैसे पडले मला, पण ज्याला शक्य आहे त्याने थोडं थांबून सॉलिड टॉप घ्यावी. पातळ बॉडी आणि फुकटचा पिकअप यांना नवशिक्याने भुलू नये.

मडगावहून

ठाण्याच्या दादांचं पटतं, पण तारांचं कुणीच बोललं नाही. आमच्या घरात मांडो (गोव्याची पारंपरिक कोंकणी गाणी) गायची परंपरा. साथीला घुमट (मातीचं तालवाद्य), व्हायोलिन आणि गिटार. मामाची कोलकात्यात बनलेली जुनी गिटार माझ्या वाट्याला आली. आवाज मोठा, अंगणात पोचणारा. तारा मात्र १२ ते ५३ च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). अशा सहा तारांचा मिळून ताण ७० किलोंच्या वर जातो. मी १० ते ४७ चा संच लावला, ताण ६० किलोंच्या आसपास आला. आवाज थोडा बारीक झाला, खर्ज कमी झाला, पण बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची) लागली. वर्षभराने बोटं तयार झाल्यावर ११ वर गेलो. आता अंगणात वाजवायला १२ लावतो, घरात ११.

नवीन गिटार कडक वाटली तर विकण्याआधी एकदा हलक्या तारा लावून बघा. मला तेव्हा तीनशे-चारशे रुपये पडले.

टोरांटोहून

देवरुखच्या ताईंच्या नेमकं उलट इथे. जानेवारीत हीटर चालू झाला की घरातली हवा एवढी कोरडी होते की फ्रेटबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात, तळहाताला बोचतात. पुण्याहून आणलेली माझी गिटार पहिल्याच हिवाळ्यात उतरली : फळी बसली, ॲक्शन कमी झाली, तारा झणझणू लागल्या. फुटली नाही, कारण लॅमिनेट. शेजारच्या मुलाच्या सॉलिड टॉपला ब्रिजच्या मागे चीर गेली. आता केसमध्ये ओला स्पंज भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ठेवते आणि छोटा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के राखलं की ती पुण्यासारखी बोलते.

साताऱ्याहून

मी निवृत्त शिक्षिका, वय ६१. धागा वाचून काल मुलाची जुनी गिटार माळ्यावरून काढली. पट्टी लावली, ४.५ मिमी. नाशिकच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, तर खरंच निम्मा त्रास गेला. म्हणजे नट घासायचा आणि सॅडलही. मिरज आमच्यापासून रेल्वेने तीनेक तास. चाचांकडे आधी कळवून जावं लागतं का, आणि ते गुरुवारी बसतात का, एवढं कृपया सांगा. मंगळवारी नव्या तारा आणून ठेवते, १० ते ४७ च्याच घेते.