बाबांना ठाऊक नव्हतं, मग पाप कुणाचं?

कढीपत्ता
गोष्ट वसईकडची आणि जुनी आहे, पण प्रश्न माझ्यापुढे आत्ता उभा राहिलाय. आजोबांची बारा गुंठ्यांची वाडी होती. केळी, पानवेल, मागच्या बाजूला थोडी भाजी. आजी आधीच गेलेली, आजोबाही मृत्युपत्र न करता गेले. मागे तीन मुलं: बाबा, काका आणि आत्या. १९९४ साली आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली, वाडी दोघा भावांच्या नावावर चढली. आत्याला एक साडी मिळाली, आणि परतताना आम्ही सगळे उसाचा रस प्यायलो. मी बारावीत होतो, पिशवी धरायला सोबत गेलो होतो.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात सातबाऱ्याच्या कामाला वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं, की आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान. म्हणजे आत्याचा सरळ तिसरा हिस्सा होता. काका म्हणतात, "आम्हाला कुणी सांगितलं होतं? मुलीला लग्नात सोनं घातलं की तिचं झालं, असंच सगळे धरून चालायचे."

बाबांची रविवारची मिस्सा कधी चुकली नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी घरात मटण शिजलं नाही. नाताळ आणि ईस्टरच्या आधी पापनिवेदन ठरलेलं. पण ही गोष्ट त्यांनी फादरांना कधी सांगितली नसणार, कारण त्यांच्या लेखी ते पापच नव्हतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला शिकवलंय, की माहीत नसताना केलेलं ते गंभीर पाप धरत नाहीत. मग बाबा सुटले का? आणि मला आता कळलंय, म्हणून मी अडकलो?

जुना पाठ
वीस वर्षं धर्मशिक्षण शिकवतोय, म्हणून आधी नियम सांगतो. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद १८५७ मध्ये प्राणघातक, म्हणजेच गंभीर पापाला तीन अटी आहेत: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याचं पूर्ण ज्ञान हवं आणि मनापासून संमती हवी. एक जरी कमी पडली तरी पाप प्राणघातक होत नाही. तुमच्या बाबांच्या बाबतीत दुसरी अट लागू होत नाही. परिच्छेद १७९३ सांगतो, की ज्या अज्ञानातून बाहेर पडणं माणसाच्या हातात नव्हतं, त्यातून घडलेलं वाईट त्याच्या माथी मारता येत नाही. वाईट ते वाईटच राहतं, आत्याचं नुकसान झालंच. पण करणारा दोषी ठरत नाही. कृत्य चुकीचं असणं वेगळं आणि कर्ता पापी असणं वेगळं.

तुमचं मात्र तसं नाही. दुसऱ्याची वस्तू प्रामाणिक समजुतीने वापरणाऱ्याला वापराचा दोष नाही, पण कळलं त्या दिवसापासून ती परत करण्याची जबाबदारी सुरू होते. तेव्हा हो, अडकलात.

उत्तनची लाट
सर, तुमचा आदर ठेवून सांगते, हे फार स्वस्तात सोडणं झालं. त्याच ग्रंथात दोन परिच्छेद पुढे जा. १८५९: मुद्दाम पांघरलेलं अज्ञान पाप कमी करत नाही, उलट वाढवतं. १८६०: नैतिक नियमाची मूळ तत्त्वं एखाद्याला ठाऊकच नाहीत असं धरता येत नाही, ती प्रत्येकाच्या विवेकात लिहिलेली असतात. आणि १७९१ म्हणतो, की खरं आणि चांगलं काय हे शोधायचे कष्टच जो घेत नाही, त्याच्या अज्ञानाला तो स्वतः जबाबदार.

कायद्याचं कलम माहीत नव्हतं, मान्य. आपल्याला एक बहीण आहे हे माहीत होतं ना? तीही त्याच आईबापांच्या पोटची, हे माहीत होतं ना? आमच्या नात्यात हीच कथा चार घरांत झालीय. पालेभाजीच्या जुडीमागे दलालाने आठ आणे कापले तर बाजारात भांडणारी माणसं, आणि वाटणीच्या दिवशी यांचं सगळ्यांचं अज्ञान एकदम जागं होतं. ज्या अज्ञानाने एकाला सहा गुंठे मिळतात, त्याचा मला आधी वास येतो.

काळा कोट
मी ख्रिस्ती नाही, दिवाणी वकिली करतो. हक्कसोडपत्रांवरच घर चालतं म्हणा ना. आमच्याकडे हिशेब सोपा आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ७६ आणि ७९ मध्ये वस्तुस्थितीबद्दल गैरसमज असेल तर बचाव आहे, कायदा माहीत नव्हता म्हणणाऱ्याला नाही. तुमच्याकडे कायद्याचं अज्ञानसुद्धा चालतं असं दिसतंय, म्हणजे तुमचा देव आमच्या कोर्टापेक्षा मवाळ आहे.

एक शंका मात्र खरोखरची आहे. क्रूसावर येशू म्हणतो, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." समजत नसेल तर गुन्हाच नाही, आणि गुन्हा नाही तर क्षमा कशाची मागतोय? आमच्याकडे निर्दोष सुटलेल्या माणसासाठी कुणी दयेचा अर्ज करत नाही.

मांडवीकाठ
वकीलसाहेबांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. क्षमा मागितली जाते, कारण न समजण्यातही बहुतेक वेळा आपला हात असतो. थोडा आळस, थोडी भीती, थोडा फायदा. लूककृत शुभवर्तमानातच बाराव्या अध्यायात दोन चाकर आहेत. धन्याची इच्छा ठाऊक असून न करणाऱ्याला पुष्कळ फटके, ठाऊक नसलेल्याला थोडे. थोडे, पण शून्य नाहीत.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात दोन शिकारी उभे करतो. एक माणूस पुरेशी काळजी घेऊन बाण सोडतो आणि वाटेने जाणारा कुणी मरतो. त्याच्या अज्ञानाने कृत्य खरोखर अनैच्छिक होतं. दुसरा हरीण समजून बाण मारतो आणि मरतो तो त्याचा वैरी, ज्याला मारायची त्याला इच्छा होतीच. अज्ञान दोघांचंही खरं. पण दुसऱ्याला कळलं असतं तरी त्याने बाण सोडलाच असता. कढीपत्ता, तुमचे बाबा यातले कोणते, हे तुम्हीच सांगू शकाल. आत्याचा वाटा आहे हे १९९४ साली कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी दिला असता?

ही ओढाताण आजची नाही. १६५६ साली फ्रेंच विचारवंत पास्कालने जेझुइट संघाच्या धर्मगुरूंची टर उडवली: तुमच्या हिशेबाने देवाचा विचारच न करणारा माणूस सगळ्यांत निर्धास्त! पुढे १६९० मध्ये पोप आठवे अलेक्झांडर यांनी ऑगस्टमध्ये एका बाजूचं मत निषिद्ध ठरवलं, की देव माहीत नसलेल्याचं पाप हे फक्त बुद्धीविरुद्धचं, देवाविरुद्धचं नाही. आणि डिसेंबरमध्ये दुसऱ्या बाजूचं, की निसर्गनियमाचं, म्हणजे विवेकात लिहिलेल्या त्या नैतिक नियमाचं, अज्ञान दूर करणं अशक्य असलं तरी माणूस दोषीच. चार महिन्यांत दोघांचे कान पिळले. त्यामुळे जुना पाठ आणि उत्तनची लाट, तुम्ही दोघंही सांभाळून.

जुना पाठ
कान पिळून घ्यायला तयार आहे. पण "दिलं असतं का" हा प्रश्न मेलेल्या माणसाला विचारून त्याच्या आत्म्याचा निकाल लावणं आपलं काम नाही. ताई म्हणतात वास येतो. वासावरून कृत्य तपासा, माणूस नको. त्या काळात अख्खं गाव तसंच समजत होतं. वेदीवरून यावर कधी एक शब्द मी ऐकला नाही. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनीही सातवी आज्ञा शिकवताना पेन्सिल चोरल्याची उदाहरणं दिली, वाडीचं कधी दिलं नाही. तेव्हा दोष वाटायचाच असेल तर आधी आमच्या पदरात घाला.

उत्तनची लाट
हे शेवटचं मनापासून पटलं. पण अख्खं गाव झोपलं होतं म्हणून कुणीच जागा व्हायला नको होता, हे नाही पटत. पुढे पोप झालेले राट्झिंगर १९९१ साली अमेरिकेतल्या बिशपांसमोर विवेकावर बोलले होते. त्यांच्या तरुणपणी एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं असं, की चुकलेल्या पण प्रामाणिक विवेकामुळे किती लोक तरतात, देवाचे आभार मानावेत. अशाच एका वादात कुणीतरी म्हणालं, मग हिटलरच्या एसएस दलातल्यांनाही स्वर्गातच शोधायला हवं, त्यांचीही खात्री पक्की होती. तेव्हापासून राट्झिंगरना कळून चुकलं, की या सिद्धांतात काहीतरी बिघडलंय. टोचणी लागतच नाही, हाच कधीकधी रोग असतो. (बाबांची तुलना त्यांच्याशी करत नाहीये, कढीपत्तादादा, गैरसमज नको.)

मांडवीकाठ
एक उलटी बाजूही नोंदवतो. पापनिवेदन, आमच्या गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, ते ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी संत अल्फोन्सस लिगोरींचा एक धडा आहे. पश्चात्तापी माणूस प्रामाणिक अज्ञानात असेल आणि सांगूनही तो बदलण्याची आशा नसेल, तर काही वेळा सांगू नये. कारण सांगितलं की आजवर नकळत होणारं कृत्य उद्यापासून जाणूनबुजून केलेलं पाप होतं. १९९७ साली व्हॅटिकनने पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी जे मार्गदर्शन काढलं, त्यातही वैवाहिक जीवनाच्या संदर्भात हे तत्त्व आहे. पण स्वतःहून विचारणाऱ्याला खरं सांगावंच लागतं. बाबांनी विचारलं असतं तर फादरांना गप्प बसता आलं नसतं.

काळा कोट
म्हणजे न विचारण्यात फायदा! आमचे अशील बरे, निदान फी देऊन विचारतात.

सासरवाशीण
इतका वेळ वाचत होते. तुम्ही सगळे भावाच्या आत्म्याचं वजन करताय. मी सही करणाऱ्या बाजूची आहे. माझं वय ६२, अशीच सही मी २००१ साली केली. आणि मला सगळं माहीत होतं. आमच्या शेजारच्या बाईंनी कायदा सांगितला होता. तरी केली, कारण नाही केली तर मे महिन्यात कुणाच्या घरी जाणार? आईचा महिनामास, म्हणजे ती गेल्यावर महिन्याने होणारी मिस्सा, लागला की मला बोलावणार कोण? वाडी सोडली आणि माहेर ठेवलं, इतका साधा सौदा होता तो.

तेव्हा बायकांना अज्ञानी ठरवून आमची कीव करू नका. तुमच्या त्या तिसऱ्या अटीचं, संमतीचं, आमच्या बाबतीत काय ते सांगा. सही माझी, अक्षर माझं. संमती होती का, हे मला अजून सांगता येत नाही.

जुना पाठ
ताई, ग्रंथात परिच्छेद १७३५ आहे. दडपण आणि भीती यांनीही जबाबदारी कमी होते, कधी नाहीशी होते. तो मी नेहमी पाप करणाऱ्याची सुटका म्हणून शिकवला. सही देणाऱ्याच्या बाजूने कधी वाचला नव्हता. आत्ता वाचला.

कढीपत्ता
मांडवीकाठ यांनी विचारलेल्या प्रश्नावर तीन दिवस काही लिहिलं नाही. आता एक गोष्ट सांगतो, जी पहिल्या वेळी गाळली होती.

बाबा कागद वाचणारे होते. विजेचं बिल दोनदा वाचायचे. पतपेढीचं कर्ज घेताना मागचं बारीक छापलेलं वाचायला त्यांनी साहेबाला पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं. चष्मा शर्टाच्या खिशात, दोरी लावलेला. १९९४च्या त्या दिवशी रजिस्ट्रारच्या कचेरीत ते म्हणाले, "चष्मा घरी राहिला," आणि लेखनिकाने बोट ठेवलं तिथे सही केली. चष्मा विसरलेले बाबा मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. घरी आलो तेव्हा तो देव्हाऱ्यातल्या मरियामातेच्या पुतळ्याजवळ नीट घडी घालून ठेवलेला होता.

उत्तनची लाट
यावर मी काही म्हणत नाही.

जुना पाठ
मी म्हणतो. माणूस एखाद्या दिवशी चष्मा खरंच विसरतो. पण हेही मान्य करतो, की हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर "दुसरी अट लागू होत नाही" असं मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. बाबांसाठी एक मिस्सा लावा. निर्दोष असतील तरी वाया जात नाही.

काळा कोट
कोर्टाचं विचाराल तर आत्याची मुदत केव्हाच टळली, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही. द्यायचंच असेल तर तुमच्या हिश्श्यातून द्या. पण इतका लहान तुकडा वेगळा काढताना तुकडेबंदीचा कायदा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणारा) आडवा येऊ शकतो, ते आधी तपासा. पैशात देणं सोपं जाईल.

कढीपत्ता
रविवारी आत्याकडे जाऊन आलो. ७८ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, बाकी ठणठणीत. मी सांगायला सुरुवात केली, "आत्या, वाडीत तुझे चार गुंठे होते."

ती म्हणाली, "साडेचार. विहिरीकडची पट्टी तू धरली नाहीस. तिचा सर्व्हे नंबर वेगळा."

मग तिने मला तो हक्कसोडपत्राचा कागद वाचून दाखवायला सांगितला, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने. एकतीस वर्षांत तिला तो कुणी वाचून दाखवला नव्हता. मी वाचत गेलो. 'राजीखुशीने व कोणत्याही दडपणाशिवाय' इथे तिने हात वर करून थांबवलं आणि म्हणाली, "हे परत वाच." परत वाचलं.

त्या साडेचारातले निम्मे, म्हणजे सव्वादोन, आमच्याकडे आहेत. तेवढ्यांचा भाव काढायला सांगितलाय. काका म्हणाले, त्यांना यात ओढू नका.