'ऑब्जेक्ट शो'ला मराठीत काय म्हणाल?

खलबत्ता: पाचवीतली भाची सुट्टीला आलीय आणि दिवसभर यूट्यूबवर 'बॅटल फॉर ड्रीम आयलंड' ही कार्टून मालिका लावून बसते. पेन, पेन्सिल, खोडरबर, सुई, टाचणी, काडेपेटीतली काडी, बर्फाचा खडा असले वीस जण एका बेटासाठी स्पर्धेत उतरलेत. प्रेक्षकांच्या मतांनी एकेक बाद होतो. सूत्रसंचालक म्हणजे स्पीकरचा खोका! आईनं विचारलं, "काय बघतेय गं ही?" म्हटलं, "निर्जीव वस्तूंची स्पर्धा." आई म्हणाली, "निर्जीव कसल्या? केवढ्या भांडतायत!" असल्या मालिकांना इंग्रजीत 'ऑब्जेक्ट शो' म्हणतात, तेव्हापासून त्याला मराठी शब्द शोधतेय. 'वस्तुमालिका' म्हटलं की भांड्यांच्या दुकानाची पाटी डोळ्यांसमोर येते.

जुनी वही: शाळेत शिकलेला चेतनगुणोक्ती अलंकार विसरलात का?

खलबत्ता: नाही विसरले, पण 'चेतनगुणोक्ती स्पर्धा' म्हटलं तर पोरं भाषणं पाठ करून येतील.

दीडशहाणा: आणि तो अलंकार इथे पुरतही नाही. कवितेत वारा गातो, चंद्र हसतो, म्हणजे वस्तूला माणसाचा स्वभाव दिला की काम झालं. इथे वस्तूपण सुटत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. बुडबुडा जरा धक्का लागला की फुटतो, मग यंत्रातून पुन्हा नवा काढायचा. गोल्फच्या चेंडूला हात नाहीत, फक्त पाय, तरी मोठेपणा केवढा!

केरी आणि मायकल हुआंग या अमेरिकेतल्या दोन भावांनी शाळेत असताना हे सुरू केलं, पहिला भाग १ जानेवारी २०१० चा. एक बाह्यरेषा, दोन डोळे, तोंड आणि काड्यांसारखे हातपाय, बस्स. म्हणून तर बघणाऱ्या पोरांना वाटतं, हे मलाही जमेल. पुढच्याच वर्षी 'इनॅनिमेट इनसॅनिटी' ही तसलीच मालिका आली, आणि नंतर तर पीकच. माणसाचं चित्र काढायला नाक जमावं लागतं, खोडरबराचं कुणालाही जमतं.

ओसरी: सरळ 'पात्र' म्हणा की. पात्र म्हणजे भांडं, पात्र म्हणजे नाटकातलं माणूस, आणि पात्र म्हणजे लायकही. बाद झाला की अपात्र! एका शब्दात सगळा कार्यक्रम.

जुनी वही: वा! मात्र खोडरबराला पात्र म्हणताना जीभ अडखळते.

दीडशहाणा: मग 'नग'. वाण्याकडे दहा नग मोजून घेतो, आणि शेजाऱ्याबद्दल "काय नग आहे!" म्हणतो. वस्तू आणि वल्ली, दोन्ही. (संस्कृतातला नग म्हणजे डोंगर. तो जागचा हलत नाही, त्याला यातून वगळा.)

खलबत्ता: 'नगांची झुंज'! घेतला. पण लिंगाचं काय करायचं? मूळ मालिकेत लीफी 'ती' आहे, आपलं पान नपुंसकलिंगी. 'पान रुसली' म्हणू?

ओसरी: अजिबात नको. 'ते पान रुसलं' यात काय वाईट आहे? आमच्या मालवणीत चेडू, म्हणजे मुलगीसुद्धा 'ता', म्हणजे 'ते'च. 'ता चेडू रुसला' म्हणताना लाडच असतो त्यात. तुमचं पेन मात्र तो की ते, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

जुनी वही: सुईला 'नीडी' म्हटलं की ती थोबाडीत मारते ना? इंग्रजीत ते नाव 'नीडल'वरून, म्हणजे सुईवरून, पण 'गरजू' हा अर्थही कानात वाजतो. मराठीत तिला 'टोचणी' म्हणून चिडवा. टाचणी शेजारीच उभी आहे, दोघींचं आणखी जुंपेल.

खलबत्ता: भाचीला सगळं वाचून दाखवलं. 'नग' आवडला, 'टोचणी'वर जाम हसली. आता स्वयंपाकघरातले नग काढायला बसलीय. किसणी ती, लाटणं ते, झारा तो, हे तिनं न विचारता ठरवलं. सांडशीला पाय काढायची गरजच नाही म्हणते, आधीच आहेत. पण मग हात कुठून काढायचे, यावर सकाळपासून अडलंय.