क्रूझ कंट्रोलमुळे मायलेज खरोखर वाढते का?

प्रश्न (सिडको, नाशिक):
मी दर आठवड्याला पेट्रोल कारने मुंबईला जातो. क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप कायम राखणारी प्रणाली) लावल्याने इंधन वाचते असे ऐकले आहे, परंतु कसारा घाटात ते लावताच इंजिनाचा आवाज एकदम वाढतो. ते नेमके कोठे वापरावे?

उत्तर १ (इंदिरानगर):
सपाट, मोकळ्या रस्त्यावर अवश्य वापरावे, कारण पायाने नकळत होणारी वेगाची चढउतार थांबते आणि प्रत्येक वेळी पुन्हा वेग घेण्यासाठी लागणारे इंधन वाचते. घाटात मात्र बंदच ठेवावे. साध्या प्रणालीला पुढचा चढ दिसत नाही; वेग घटल्यावरच ती जागी होते आणि तो परत मिळवण्यासाठी जोरात थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) उघडते, तर जाणता चालक चढावर वेग थोडा उतरू देतो. शिवाय पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर ते धोक्याचे आहे, हे कृपया विसरू नये.

उत्तर २ (नाशिकरोड):
मला वेगाची निवड अधिक महत्त्वाची वाटते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे समृद्धी महामार्गावर ताशी १०० ऐवजी १२० किमीचा वेग लावल्यास हा रोध ४४ टक्क्यांनी वाढतो, आणि मग क्रूझने वाचवलेले इंधन तेथेच खर्ची पडते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. यापुढे कसारा घाट सुरू होण्यापूर्वीच क्रूझ बंद करीन.